आप्पांचं भिंग

गोपीनाथ आला तो आपलं पाणी बरोबर घेऊनच आला.

प्रभावतीने वरच्या खिडकीतून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी एका म्हशीला वाट देत तिघं उभी होती. पुढे दीर, काखेत रेशमी मुकट्याची वळकटी. मागे त्याची बायको इंदू, तिच्या हातात झाकणाचा पितळी कमंडलू. आणि सगळ्यांत मागे त्यांची गीता, मान वर करून खिडकीकडे बघत हसणारी. कमंडलू दिसला आणि प्रभावती खट्टू झाली. पुलापलीकडे मुगलसरायला राहणारा माणूस, पण आप्पा गेल्यापासून सतरा वर्षं त्याने या घरातल्या पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. मयताला आला, लग्नाला आला, आणि दर वेळी आपली तहान भागवायची सोय आपल्याबरोबर घेऊन आला. दुसरी माणसं भांडून मोकळी होतात. याचा राग असा, घासूनपुसून लख्ख ठेवलेला.

"वहिनी, उशीर झाला का?" जिना चढून येत तो म्हणाला. "गाडी पुलावरच थांबून राहिली."

"नाही हो भावजी. हे अंघोळ करून बसलेत. तुम्ही सोवळं नेसून घ्या."

चहा टाकू का, हे शब्द तिने जिभेवरूनच परत फिरवले.

भांडण भिंगाचं होतं. सासऱ्यांचा, ढुंढिराजआप्पांचा, जादूचा कंदील सगळ्या काशीतल्या मराठी मंडळींना ठाऊक होता. पत्र्याचं घर, वर धुराडं, पोटात दिवा, पुढे पितळी नळी आणि नळीत ते भिंग. काचेच्या पट्ट्यांवर आप्पा स्वतःच्या हाताने चित्रं रंगवायचे, आणि कार्तिकात भोसले घाटावरच्या दगडी वाड्यात खेळ करायचे. पुढे टॉकीज आल्या, बोलणारी चित्रं आली, आणि कंदिलाला कुणी विचारीना. आप्पा गेले, तेराव्यानंतर पेटी उघडली, तर नळी रिकामी. पेटीच्या किल्ल्या दोनच, एक आप्पांची आणि एक गोपीनाथची, कारण लहानपणापासून आप्पांच्या हाताखाली तोच असायचा. त्यातून तो तेव्हा नुकताच एका टॉकीजमध्ये मशीन चालवायला लागला होता. भर पंगतीत प्रभावतीचा नवरा नीलकंठ म्हणाला, "बापाचा डोळा काढून विकलास." गोपीनाथने पुढ्यातलं पाणी बाजूला सारलं, उठला, आणि म्हणाला, "भिंग सापडेपर्यंत या घरात पाणी पिणार नाही."

मोठा भाऊ शब्द मागे घेईना, धाकटा पाणी पिईना. एक संस्कृतचा मास्तर, दुसरा पुढे रेल्वेत लागला. पण हट्टाची शाळा दोघांची एकच.

आज मात्र देव सोपवायचे होते. नीलकंठच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि एक डोळा तर कापूनही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी तो चाचपडत पूजा करत राहिला. मागच्या महिन्यात त्याने गणपतीच्या डोक्यावर तुळस ठेवली. प्रभावतीने हळूच सांगितलं, तेव्हा तो पाटावर बसल्या जागी रडला. संसारात नवऱ्याला रडताना तिने दोनदाच पाहिलं होतं, आणि पहिली वेळ आप्पा गेले तेव्हाची होती. घरचं पंचायतन पिढ्यान्‌पिढ्यांचं. ज्याने पूजा करायची त्यानेच, सोवळ्यात, देवांना हात लावायचा. बाकीच्यांनी दारातून नमस्कार करायचा. हे ज्याला जमेल असा घरात आता एकच माणूस उरला होता, आणि त्याच माणसाला घराने चोर ठरवलं होतं.

"मी तर म्हणतो, सरळ मठात देऊन टाकू," त्यांचा मुलगा शरद पुन्हा म्हणाला. तो लखनौच्या बँकेतून दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता. कंदीलही त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात द्यायचा होता. पुसून शेजारच्या खोलीत ठेवला होता. "तिथे रोज पूजा होईल. इथे उगाच टेन्शन."

"देव म्हणजे काय जुनी छत्री आहे, कुणाच्याही घरी ठेवून यायला?" पूजेच्या खोलीतून नीलकंठचा आवाज आला. डोळे गेले तसे त्याचे कान जास्तच तिखट झाले होते. "गोपी आला का?"

"आलो दादा."

पूजेची खोली लांबट आणि अंधारी. पूर्वेला एकच खिडकी, तिच्यातून खाली पंचगंगा घाटाचा उतार आणि पुढे गंगा. ऊन खिडकीच्या वर सरकलं होतं, पण पाणी इतकं चकाकत होतं की बघवत नव्हतं. नीलकंठची पूजा झाली होती. देव स्नान करून ताम्हनात बसले होते, आणि शेजारी भांड्यात त्यांचं तीर्थ. गोपीनाथ मुकटा नेसून समोर उत्तरेला तोंड करून बसला. बाकीची सगळी दाराशी.

नीलकंठने पहिला देव उचलायला हात पुढे केला, आणि इंदू बोलली.

"थांबा."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. इंदू कधी थोरल्या दिरासमोर बोललेली कुणाला आठवत नव्हतं. तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला होता, पण आवाज कापत नव्हता.

"ज्याला चोर म्हटलंत, त्याच्या हातात देव कसे देता? आधी एकदा म्हणा की यांनी नाही घेतलं. एवढंच. माफी नको, काही नको."

"इंदू, जाऊ दे," गोपीनाथ म्हणाला.

"का जाऊ दे? गीताला स्थळं बघतोय आपण. काशीतली माणसं विचारतात, सख्ख्या काकांशी का पटत नाही? काय सांगू मी?"

नीलकंठने पुढे केलेला हात मांडीवर परत घेतला. प्रभावतीला वाटलं, म्हणेल, आज म्हणेल. मनातल्या मनात तिने बिंदुमाधवाला नवससुद्धा बोलून टाकला.

"जे मला ठाऊक नाही ते मी कसं म्हणू?" नीलकंठ शेवटी म्हणाला. "देवासमोर बसलोय. त्याने घेतलं असेल, नसेल. मी पाहिलं नाही. भिंग नाही, एवढं खरं. गोपीइतकी शुद्ध पूजा कुणाला येत नाही, हेही खरं. म्हणून देव देतोय. खोटं बोलून नाही देणार."

"म्हणजे कलंक तसाच," डोळे पुसत इंदू म्हणाली.

"आई, चल ना, झालं आता," गीता पुटपुटली. "बेकार में रडू नकोस."

प्रभावतीला नवऱ्याचा राग आला. खरं बोलणारा माणूस नवरा म्हणून मिळणं हे भाग्य, असं तिची आई सांगायची. आईला काय जातंय सांगायला! घरात एकदाही सोयीचं खोटं न बोलणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे रोज खड्यांचा भात खाणं. तिने इंदूचा हात धरला आणि दाबला. दोघी जावा आयुष्यात पहिल्यांदाच एका बाजूला उभ्या होत्या.

"द्या दादा," गोपीनाथ म्हणाला. "देवांचा काय दोष?"

एकेक देव हातातून हातात गेला. गणपतीचा तांबडा दगड. देवीची सुवर्णमुखी. मधला, शंकराचा बाण. शाळिग्राम. गोपीनाथ डाव्या तळहातावर पांढरं सुती वस्त्र पसरून प्रत्येक देव टिपायचा, कपाळाला लावायचा, आणि नव्या डब्यात ठेवायचा. शेवटी नीलकंठने सूर्य दिला. पंचायतनातला सूर्य म्हणजे स्फटिक: वाटोळा, पोटाशी फुगीर, पाण्यासारखा स्वच्छ.

गोपीनाथने तो उजव्या हाताच्या बोटांत धरला आणि टिपायला वस्त्राकडे नेला. आणि तिथेच थांबला.

प्रभावतीला आधी वाटलं, वस्त्रावर डाग पडलाय. मग डाग हलला. ती दारातून वाकली. दिराच्या तळहातावरच्या पांढऱ्या कापडावर, रुपयाएवढ्या जागेत, गंगा होती. निळी, चकचकीत, खरी. पलीकडची वाळू होती. आभाळ खाली होतं आणि पाणी वर, आणि त्या पाण्यातून एक इवलीशी नाव उलटी लोंबत, डोलत चालली होती. नावाडी वल्हं मारत होता. तिळाएवढा नावाडी! एवढी मोठी नदी एका माणसाच्या तळहातावर वाहत होती आणि सांडत नव्हती.

अशी ती आयुष्यात एकदाच थक्क झाली होती. नवी नवरी असताना, भोसले घाटावर. ओलं पांढरं धोतर ताणून बांधलेलं, हाफपँटीतला गोपीनाथ काचा हातात घेऊन उभा, आणि आप्पांनी एका काचेच्या चौकटीला लावलेली लाकडी मूठ फिरवली. धोतरावर शंकराच्या जटेतून पाणी कोसळायला लागलं. रंगवलेलं चित्र, पण पाणी वाहत होतं. तिने घाबरून पाय वर घेतले होते, आणि सगळ्या बायका हसल्या होत्या.

गोपीनाथने मूठ मिटली. गंगा गेली.

त्याने मान वर केली तर थेट प्रभावतीशी नजर मिळाली. त्याने भिंग ओळखलं होतं. लहानपणापासून जे हजारदा पुसलं, नळीत बसवलं, तुटू नये म्हणून उशाशी घेऊन झोपला, ते तो ओळखणार नाही तर कोण? आणि नीलकंठ? तो तर 'असले नाटकी धंदे' म्हणून कंदिलाच्या जवळही कधी फिरकला नव्हता. आप्पा असेपर्यंत देवांना हात लावायचा अधिकारही त्याला नव्हता. मूळचा स्फटिक कसा दिसायचा, हे आप्पांशिवाय कुणाला माहीत असणार?

तिला पुराचं वर्ष आठवलं. गंगा गल्लीत शिरली होती. आप्पा देवांची टोपली डोक्यावर घेऊन जिना चढले होते. मग पाणी ओसरल्यावर कितीतरी दिवस ते तळमजल्यावर गुडघ्यांवर बसून गाळ चाळत राहिले. काय शोधताय, म्हटलं तर बोलायचे नाहीत. मग एका सकाळी त्यांनी शोधणं थांबवलं, निवांत पूजा केली, आणि त्यानंतर कंदिलाची पेटी पुन्हा कधी उघडली नाही. सूर्यावाचून पंचायतन कसं पुजायचं? ऊन गोळा करणारी त्यांच्याजवळ एकच वस्तू होती, आणि ती त्यांनी सूर्याला देऊन टाकली.

गोपीनाथने तिच्याकडे बघत मान हलवली. नको, वहिनी.

म्हणजे हा माणूस उरलेलं आयुष्य चोर म्हणून काढायला तयार होता, पण आंधळ्या होत चाललेल्या भावाला, तू सूर्य म्हणून भिंगच पुजलंस, हे सांगायला तयार नव्हता. प्रभावतीला त्याच्यासाठी भडभडून आलं. आणि त्याच वेळी रागही आला. दोघांच्या मोठेपणात बायकांनी किती वर्षं भरडायचं?

"काय झालं?" नीलकंठने विचारलं. "गप्प का सगळे? सूर्य घेतलास ना?"

"घेतला, दादा. काही नाही."

"गीता," प्रभावती म्हणाली, "शेजारच्या खोलीतून कंदील आण. शरद, तू स्टोव्हमधलं तेल काढून दिव्यात घाल."

"आत्ता? आई, भिंग कुठे आहे त्यात? नुसतं डबडं आहे ते."

"आण म्हटलं ना."

"त्याचं इथे काय काम?" नीलकंठचा आवाज चढला. "देवाच्या खोलीत ते कशाला?"

"तुम्ही पाटावर बसा. इतकी वर्षं मी गप्प बसले, आज तुम्ही बसा."

"वहिनी, नको," गोपीनाथ हळूच म्हणाला.

"भावजी, एक तर तुम्ही लावा, नाहीतर मी बोलते. काय ते ठरवा."

तो उठला. कंदील आला, वात लागली, धुराड्याखाली धुरकट पिवळा उजेड धरला. गीता टकमक बघत होती. शरदने काचांची पेटी आणून ठेवली.

"बाबा, ये पहले का सिनेमा है क्या?" गीताने विचारलं.

"सिनेमाचा बाप," गोपीनाथ म्हणाला. दिव्याला हात लागला तसा त्याचा आवाज सैल झाला होता. "आप्पा सांगायचे, त्याच्याही आधी नुसतं एक भोक होतं. अंधाऱ्या खोलीच्या दाराला भोक, आणि बाहेरची माणसं समोरच्या भिंतीवर उलटी चालायची. लोक घाबरून पळायचे. मग कुणीतरी भोकात भिंग बसवलं. मग कुणीतरी म्हटलं, बाहेरचं जग कशाला, आपण काचेवर काढू आणि मागे दिवा ठेवू. टॉकीजमध्ये मी एवढं मोठं मशीन चालवलं, गीता. आत हेच होतं. दिवा, चित्र, भिंग. दुसरं काही नाही."

"आणि चित्र उलटं घालायचं," प्रभावती म्हणाली.

"उलटं घालायचं. म्हणजे सुलटं दिसतं."

"खिडकी लाव," प्रभावतीने शरदला सांगितलं.

खोलीत काळोख झाला. गोपीनाथने मूठ उघडली. देव दोन्ही डोळ्यांना लावला, ओठ हलले, काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही. मग त्याने तो पितळी नळीत सोडला. खट्ट असा छोटा आवाज झाला. ज्याची जागा त्याला मिळाली की असाच आवाज होतो.

भिंतीवर उजेडाचा मोठा गोल उमटला. नळी मागेपुढे झाली, धुकं हललं, आणि पांढऱ्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, शंकर उभा राहिला. निळा गळा, पिंगट जटा, आणि डोक्यावर आभाळ. इंदूच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं. शरद, ज्याला हे डबडं वाटत होतं, तो मुकाट्याने भिंतीला टेकून खाली बसला. गोपीनाथने मूठ फिरवली. कुरकुर करत काच फिरली, आणि गंगा उतरली. पांढरी, निळी, खळखळती, जटांतून खांद्यांवर, खांद्यांवरून खाली, थांबतच नव्हती. दिवा, काच आणि एक मूठ. दुसरं काही नव्हतं, हे आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी प्रभावतीने याही वयात पाय वर घेतले.

"हे... मला दिसतंय," नीलकंठ म्हणाला.

त्याने पाट सोडला. हात पुढे करून तो उजेडाकडे चालत गेला, भिंतीशी पोचला आणि वळला. आता गंगा त्याच्यावर पडत होती. टकलावर, उघड्या खांद्यांवर, जानव्यावर. त्याने तळहात वर केले तर तिथेही पाणी वाहत होतं. तो ते बघत राहिला. मागे भिंतीवर शंकराच्या जागी त्याची सावली उभी होती.

"आप्पांचं आहे हे," तो म्हणाला. "गंगावतरण. गोपी, भिंग कुठे मिळालं?"

गोपीनाथ मूठ फिरवत राहिला.

"तुमच्या ताम्हनात," प्रभावती म्हणाली.

नीलकंठला कळायला थोडा वेळ लागला. मग तो गुडघ्यांवर बसला, हात फरशीवरून सरकवत डब्यापर्यंत आला, आणि बोटांनी चाचपलं. गणपती. देवी. बाण. शाळिग्राम. पाचवी जागा रिकामी होती. बोटं तिथेच राहिली.

काचेची कुरकुर तेवढी चालू होती.

"आप्पांनीच ठेवलं," प्रभावती जवळ बसत म्हणाली. "पुरात सूर्य वाहून गेला असणार. ते गाळात शोधत होते, मी पाहिलंय. तुमचा काही..."

"मी याला रोज विचारायचो," नीलकंठ म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रोज. हातात घेऊन अंघोळ घालायचो आणि म्हणायचो, सूर्या, तू सगळं बघतोस. गोपीने घेतलं असेल तर माझी खात्री करून दे, आणि घेतलं नसेल तर ते भिंग कुठे आहे ते मला दाखव. सतरा वर्षं. आणि तो माझ्या हातात... गोपी, माझ्याच हातात होतं रे."

"दादा."

"दिसत होतं तेव्हा दिसलं नाही."

"दादा, पुरे. उठा."

"तू चोर नाहीस," नीलकंठ म्हणाला. मोठ्याने, इंदूच्या दिशेला तोंड करून. "ऐकलंस इंदू? देवासमोर सांगतो. त्याने घेतलं नाही. मी खोटं बोललो होतो. मी पाहिलं नव्हतं आणि बोललो होतो. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच खोटं, आणि तेच पंगतीत."

इंदूने तोंडाला पदर लावला. गीता तिला बिलगली आणि दोघी रडायला लागल्या.

नीलकंठने चाचपत तीर्थाचं भांडं ओढलं. पळी भरली. अर्धं तीर्थ फरशीवर सांडलं. त्याने पळी अंधारात पुढे धरली.

"आज सकाळचं आहे. त्याच्याच अंगावरचं. घेशील?"

मूठ थांबली. भिंतीवरची गंगा जागच्या जागी उभी राहिली. गोपीनाथ खाली बसला, उजवा तळहात खोलगट करून त्याने पुढे केला. नीलकंठला तो दिसेना, म्हणून प्रभावतीने नवऱ्याचं मनगट धरून पळी तिथवर नेली. गोपीनाथने तीर्थ घेतलं, ओला हात डोळ्यांवरून आणि डोक्यावरून फिरवला, आणि तसाच बसून राहिला.

"मग हे आता कुठे ठेवायचं?" शरदने दबकत विचारलं. "डब्यात की कंदिलात?"

"उद्यापासून पूजा गोपीची," नीलकंठ म्हणाला. "तो ठरवेल. आज राहू दे नळीत. अजून एकदा फिरव रे. मला दिसतंय तोवर बघतो."

गोपीनाथ उठला, कंदिलापाशी गेला. मुठीवर हात ठेवला, पण फिरवली नाही. घसा खाकरला. इंदूने सवयीने कमंडलूचं झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने तो हलकेच बाजूला केला.

"वहिनी," तो म्हणाला, "फार तहान लागलीय. तांब्याभर पाणी द्याल?"

प्रभावती उठली. स्वयंपाकघरात जाताना तिला वाट दिसत नव्हती, खिडकी बंद होती म्हणून आणि डोळे भरले होते म्हणूनही. तिने मोठा तांब्या माठात बुडवला, काठोकाठ भरला, आणि सांडत सांडत घेऊन आली. त्याने तो वर धरून एका दमात रिकामा केला आणि तसाच तिच्यापुढे केला.

"आणखी," तो म्हणाला.